गार्डाचं गाव

हॅकरनं घरबसल्या हॅकिंग करायचं नाही, असा नियम भागवतनं केला आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

खेळ तसा साधा. सन २०९०, आभाळाएवढ्या कंपन्या आणि त्या लुटणारे भामटे. सामान म्हणजे कागद, पेन्सिल, फासे आणि तोंडची बडबड. गोष्ट भागवत चालवायचा. कंपनी तोच, पोलीस तोच, रस्त्यावरचं कुत्रंही तोच. इंजिनिअरिंग अर्धवट टाकून घाटनांदूरला परतल्यापासून (गावाच्या मते हाकलून दिल्यापासून) अंथरुणातून उठायला त्याच्याकडं एवढं एकच कारण उरलं होतं.

खोट होती ती हॅकरची. दोस्तांपैकी बिभीषण हॅकर झालेला. खोलीत बसल्या बसल्या फासे टाकून तो कुलपं उघडायचा, कॅमेरे आंधळे करायचा, माल घेऊन मोकळा. तानाजी बंदूकवाला. त्याला तोवर चहा करण्याखेरीज उद्योग नसायचा. मागच्या खेपेला त्यानं कप आदळला.

"मी बंदूक चालवायला येतो का गॅस पेटवायला बे? पुढच्या रविवारी असंच झालं तर मी न्हाई येणार."

तानाजी गेला की खेळ संपला. मग भागवतला छताकडं बघत पडायला आख्खा आठवडा मोकळा.

म्हणून त्यानं डोकं झिजवून नियम बसवले. मशीनला हात लागल्याशिवाय हॅकिंग नाही, म्हणजे बिभीषणला कंपनीच्या आत न्यावंच लागणार. फासा चुकला की अलार्म एक पायरी चढणार, म्हणजे तो हावऱ्यासारखा सगळं एकटाच उघडत बसणार नाही. आणि फाटकावर एक गार्ड, तो तानाजीच्या वाट्याचा. तराजूचा काटा अगदी मधोमध आला.

त्या काट्यावर आण्णा येऊन बसले.

आण्णा म्हणजे भागवतचे वडील, सुग्रीवराव. बाजेवर पडून तंबाखू मळत होते. या माणसानं जन्मात एक काम रांगेत उभं राहून केलं नव्हतं. हरेक ऑफिसात त्यांचा कोणीतरी पाव्हणा निघायचा. (काम तरीही व्हायचं नाही, पण चहा मिळायचा.) तानाजीनं गार्डावर बंदूक रोखली, फासे मुठीत घोळवले, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"मारतो कावून त्याला? गाव इचार आधी."

थोरल्यांचा शब्द मोडायची सवय नसल्यानं तानाजीनं गाव विचारलं. आणि आपल्याकडं गाव विचारल्यावर गप्प राहणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. गार्डाच्या वतीनं भागवत बोलून गेला, "सिरसाळा."

"सिरसाळ्यात कोणाचा?" आण्णांनी विचारलं.

"बायडाबाईचा." तोंडात आलं ते नाव त्यानं फेकलं.

"म्हंजी तुझ्या मावशीची नणंद. घरचाच निघाला की." आण्णा उठून बसले.

"आण्णा, खेळात दोन हजार नव्वद साल हाय."

"मग पणतू असंल तिचा. साल बदललं म्हणून नातं मरतं व्हय?"

पुढं आण्णांनी गार्डाची खुशाली विचारली, एका लग्नात मान राहून गेल्याची तक्रार केली, आणि गार्डाला (म्हणजे भागवतलाच) माफी मागावी लागली. माफीपाठोपाठ चहा आला. शेवटी गार्डानं स्वतःचं कार्ड मशीनला लावून बिभीषणला खुर्ची दिली. एक फासा पडला नाही. अलार्म पहिली पायरीही चढला नाही. तानाजी मांडीवर थाप मारून हसत होता, असा रविवार झालाच नाही म्हणत होता.

भागवतच्या डोक्यात तिडीक गेली.

"आय दवाखान्याच्या फरशीवर पडलती, तवा कुठं मेलते तुमचे पाव्हणे?"

बिभीषण उगाच पेन्सिलीला टोक करू लागला. आण्णांची तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

"डॉक्टर लातूरकडचा होता," ते म्हणाले. "तिकडं आपलं कोणी न्हाई."

मग त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

"कापसाच्या जिनिंगवर बोललोय तुझ्यासाठी. मॅनेजर आपल्या मेव्हण्याचा साडू हाय. उद्यापासून फाटकावर बसायचं."

निघताना तानाजीनं सांगितलं, तो पुढच्या रविवारी येणार. फक्त आण्णा खेळायला पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी भागवत दुसऱ्या कोणाच्या तरी मापाच्या खाकी शर्टात फाटकावर उभा राहिला. नियम चांगला होता. पास नाही तर गाडी आत नाही. एक टेम्पो आला, पास नव्हता. भागवतनं हात आडवा केला. ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गाव कोणतं बे तुझं?"

भागवतनं दात आवळून धरले. पण किती वेळ धरणार?

"घाटनांदूर."

"कोणाचा?"

फाटक उघडताना भागवतनं पाव्हण्याला चहाचंही विचारलं.