स्वरलिपीतील ‘फाइन’ हा शेरा वगळण्याबाबत

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहणारे उपसंचालक लक्ष्मीकांत सबनीस यांच्या टेबलावर सोमवारी सकाळी एक फाइल आली. कार्यालयाच्या वार्षिक समारंभात कर्मचाऱ्यांच्या बँडने एक विलायती धून वाजवायची होती आणि तिच्या कागदावरचे काही शब्द ना हिंदी होते, ना इंग्रजी. ते वाजवायचे की नुसते वाचायचे, अशी नम्र विचारणा बँडमास्तर दीनानाथ तिवारींनी केली होती.

सबनीस मूळचे सांगलीचे, नोकरीमुळे उत्तरेत स्थायिक झालेले. रुळांच्या सांध्यांवर त्यांचा शब्द अखेरचा. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे ते निःपक्षपाती ठरले आणि अर्थनिश्चिती समितीचे अध्यक्ष झाले.

समितीने एकेका शब्दाचा रीतसर निकाल लावला. जागोजागी ‘पियानो’ लिहिलं होतं. पियानो उपलब्ध नसल्याने हार्मोनियम पुरवण्यात येत आहे, असं भांडार विभागाने कळवलं. ‘फोर्टे’ म्हणजे फोर्टच, असं धरून मालमत्ता विभागाने, आपल्या ताब्यात एकही किल्ला नसल्याचा दाखला दिला. शेवटी एकच शब्द उरला. एफ, आय, एन, ई.

“फाइन, मतलब बढ़िया,” सचिव रणजित सिन्हा म्हणाले. “सर, लिखने वाले ने अपने काम को खुद ही बढ़िया लिख दिया है.”

सबनीसांच्या कपाळाला आठी पडली. शेरा मारण्याचा अधिकार वरिष्ठांचा. त्यांनी लाल शाईने तो शब्द खोडला आणि सही ठोकली.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी हा किस्सा घरी सांगितला. मुलगी उत्कर्षा पियानो शिकत होती. तिने बिस्किट खाली ठेवलं.

“बाबा, पियानो मतलब धीरे, फोर्टे मतलब ज़ोर से, और वो फ़ीने है. इटैलियन. मतलब यहाँ ख़त्म. आख़िर में लिखा होता है, शुरू से फिर बजाओ और फ़ीने पे रुको. आपने काट दिया, तो रुकेंगे कहाँ?”

“तुझं त्यातलं शिक्षण किती?”

“ग्रेड थ्री.”

“ग्रेड तीनला धोरणात्मक मत देता येत नाही, बाळा.”

म्हणाले खरे, पण त्यांचा चहा गार झाला. सही होऊन गेली होती, आणि पुढच्याच महिन्यात बढतीची यादी लागणार होती.

समारंभात बँड शेवटाला पोचला, लिहिल्याप्रमाणे सुरुवातीला गेला, पुन्हा शेवटाला, पुन्हा सुरुवातीला. चौथ्या फेरीत महासंचालकांच्या पायाला मुंग्या आल्या, म्हणून ते उभे राहिले. साहेब उभे राहिले म्हणून सगळं सभागृह उभं राहिलं. सहाव्या फेरीत मागे कुणीतरी टाळी वाजवली, शेजारच्याकडे बघितलं आणि हात खिशात घातले. नवव्या फेरीला ट्रम्पेटवाल्या माणिकलालचे ओठ सुजून भज्यांसारखे झाले होते. तो निवृत्तीला टेकला होता.

“बाबा, जाओ ना,” उत्कर्षा हळूच म्हणाली.

सबनीसांना बढतीची यादी दिसली. मग पुन्हा माणिकलाल दिसला. ते स्टेजवर चढले.

“तिवारीजी, बंद कीजिए.”

“लिखित में दे दीजिए, साहब,” हात हलवत ठेवूनच तिवारी म्हणाले.

निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर सबनीसांनी ‘समाप्त’ लिहिलं, खाली सही आणि दिनांक. बँड थांबला. माणिकलालने ट्रम्पेट मांडीवर ठेवून त्यांना हात जोडले.

यादीत सबनीसांचं नाव आलं नाही. चालू कार्यक्रम सक्षम मंजुरीविना थांबवल्याबद्दल खुलासा मात्र मागवला गेला. खुलाशाला पुरावा म्हणून त्यांनी समारंभात भरून घेतलेले प्रेक्षकांचे अभिप्राय अर्ज काढले. ‘धून समजली का?’ तीनशे अकरा अर्ज, तीनशे अकरा वेळा ‘हो’. खाली सूचनांच्या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं, की इतकी रंगलेली धून मध्येच तोडायला नको होती.

एक कोरा अर्ज सबनीसांकडे अजून आहे. शेजारच्याकडे न बघता टाळी वाजवणाऱ्या माणसाकडून तो भरून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. शहरात चारबागपासून विकास नगरपर्यंत विचारून झालं. आता तुमच्याकडे यायचा विचार आहे. उत्तर देण्याआधी बाजूला कोण बसलंय, ते तेवढं बघू नका.