विजयी मोजे धुतल्याची बखर

सकळ जाणत्यांनी सावध बसावे, नेणत्यांनी निदान नाक धरून बसावे, कारण हकीकत मोज्यांची आहे.

बंद छपराखाली पुरुषांच्या टेनिसाची मोहीम मांडिली होती. तेथे ऊन नाही, वारा नाही, सबब हरल्यावर दोष द्यावयास काहीच उरत नाही. चिरंजीव, पेशा टेनिसाचा, यांनी तीन गडी चीत केले आणि मग आठ वर्षांच्या चाकरीत प्रथमच अंतिम सामना दाराशी आला. त्यांचे उस्ताद, गळ्यात शिट्टी आणि डोक्यात हवा, यांचे फर्मान ऐसे की पहिल्या फत्तेचे मोजे मोहीम सरेतो धुऊ नयेत, जय त्यांत मुरतो. हॉटेलाच्या खोलीत दरवळ सुटला होता. तो हुंगून उस्ताद समाधान पावत. सोबत खासा मातोश्री होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, येथेच सर्वांस संशय यावयास हवा होता.

सामन्याच्या सकाळी मोजे गार हीटरवर ओलेचिंब लटकलेले दिसले आणि चिरंजिवांचा रंग उडाला.

"आई, धुतलेस तू?"

"मोजेच आहेत ना? का तुझं प्रगतिपुस्तक?"

चिरंजीव पलंगावर फतकल मारून बसले, मैदानी जाणार नाही म्हणाले. घटका भरत आली आणि मग उस्तादांनी मातोश्रींस पहिल्या गाडीने स्वगृही रवाना करण्याचा हुकूम काढिला.

तेव्हा मातोश्रींनी कंबरेवर हात ठेवून तोफ डागली. "अरे शहाण्या, रोजच धुते मी! तू आंघोळीला शिरलास की मोजे बेसिनमध्ये. काल जिंकलास, परवा जिंकलास, ते साबणावर. आज मेला हीटर बंद पडला, म्हणून सापडले."

"मग काकू, तो वास?" उस्तादांनी पुसिले.

"तुमच्या बुटांचा."

मग चिरंजिवांनी ओले मोजे चढविले आणि पचक पचक करीत तिसऱ्या सेटी फत्ते केली. करंडक घेताना सारे श्रेय उस्तादांस दिले, ते मातोश्रींनी ऐकिले आणि मनाच्या दफ्तरी ठेविले.

पुढील स्वारीआधी उस्ताद मोजे घेऊन दारी हजर. "काकू, तुमच्या साबणाशिवाय तो आता खेळत नाही म्हणतो."

मातोश्रींनी तहात कलम एकच घातले, साबण त्यांचा, हात उस्तादांचे.

ऐसा शत्रू बेसिनापाशी शरण आला. पहिल्या दिवशी टाचेचा मळ नीट निघाला नाही, सबब त्याजकडून मोजे दोनदा धुवून घेतले, हे येथे नमूद.