लांब म्हणजे कुठून?

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या मुलाचं लग्न जमवायचं असलं आणि मुलीकडची माणसं घर बघायला येणार असली, की मुलाच्या आईच्या साडीआधी साळवेभाऊंच्या पँटला इस्त्री होते. मुलगा यांचा नाही, पाहुणे यांचे नाहीत, आमंत्रण तर कुणीच दिलेलं नसतं. तरी रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला भाऊ अंबरनाथ स्टेशनबाहेर हजर. पांढरा शर्ट, क्रिकेटच्या पंचासारखी टोपी आणि काखेत छत्री. छत्री ऊनपावसासाठी नाही. बोटानं दाखवणं त्यांना असभ्य वाटतं, म्हणून ते सगळं छत्रीनं दाखवतात.

भाऊ कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले, सुमनवहिनी गेल्या, आणि तेव्हापासून त्यांनी हे गावच अंगावर घेतलं. पँट शिवायला उल्हासनगरला कॅम्प दोनला जातात. तिथल्या सिंधी टेलरला सांगून ठेवलंय, "साईं, क्रीज अशी पाहिजे की पाव कापला गेला पाहिजे." मी एकदा म्हटलं, या वयात कशाला हवीये एवढी क्रीज? तर म्हणाले, "ताई, हे ऐटदार गाव आहे. मुंबईत ऐट विकत घ्यावी लागते. आपल्याकडे ती हजार वर्षं भिंतीवर कोरून ठेवलीय. आपण चुरगळलेलं फिरून कसं चालेल?"

भिंत म्हणजे आपल्या शिवमंदिराची. आम्ही बौद्ध माणसं. भाऊ गाभाऱ्यात कधी जात नाहीत, पण देवळाच्या मागच्या भिंतीवरचा एकेक दगड त्यांना पाठ. "देव आत असतो, तो सगळ्यांना भेटतो," म्हणतात. "कारागीर मागं असतो. त्याला भेटायला चालावं लागतं."

आता खरं सांगते, मला या गावाचा तेव्हा कंटाळा आला होता. पाणी एक दिवसाआड. वीज रोज दुपारी जायची. आणि देवळाशेजारच्या नाल्याचा वास. मी वासाचं काढलं की भाऊ आभाळाकडे बघून म्हणायचे, "आज वारा उलटा आहे." सत्तावीस वर्षं राहतेय मी इथं. तो सुलटा कधी असतो, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि भाऊंचा एक शत्रू होता. 'लांब' हा शब्द. गॅसवाला म्हणो, केबलवाला म्हणो, "तुमचं लांब पडतं हो," की भाऊ गॅलरीतून विचारणार, "लांब म्हणजे कुठून?" माणूस म्हणाला दादरहून, की यांचं पुढचं तयार, "मग दादर अंबरनाथहून लांब नाही का? त्यांना जाऊन सांगितलं का तसं?" माणूस पुढच्या वेळी मुकाट्यानं येई किंवा अजिबात येत नसे.

माझ्या मिलिंदला याच शब्दानं छळलं होतं. बत्तीस वर्षांचा झाला, ठाण्याला चांगली नोकरी, व्यसन नाही, पण चार मुलींनी नकार कळवला. मुलगा चांगला आहे हो, पण अंबरनाथ लांब आहे. चौथ्या वेळी तर कहर झाला. कुर्ल्याची माणसं होती. भाऊंनी त्यांना स्टेशनवरच गाठलं आणि परस्पर भिंत बघायला नेलं. दीड तास. मुलीच्या मावशीच्या चपलेची टाच निघाली. ते लोक तिथूनच रिक्षा करून स्टेशनला गेले, घरी आलेच नाहीत. मिलिंद नवा शर्ट घालून बसलेला आणि पोहे झाकून ठेवलेले. संध्याकाळी ते पोहे आम्हीच खाल्ले.

म्हणून पाचव्या वेळी मी आदल्या दिवशीच वरच्या मजल्यावर भाऊंकडे गेले आणि हात जोडले. "भाऊ, जयभीम. उद्या घाटकोपरची माणसं येतायत. तुम्ही स्टेशनवर जायचं नाही. भिंत नाही, छत्री नाही. माझ्या पोराचं एवढं होऊ दे."

भाऊंनी दाराशी टेकवलेल्या छत्रीकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही जात, ताई. तसंही पुढच्या रविवारी सुनीता येतेय माझी. घर आवरायचंय."

सुनीता त्यांची एकुलती एक मुलगी, बोरिवलीला दिलेली. ती 'पुढच्या रविवारी' येणार हे आम्ही वहिनी गेल्यापासून ऐकत होतो. विचारायचं आम्ही केव्हाच सोडलं होतं.

रविवारी पाहुणे आले. प्रज्ञा, तिचे वडील आणि काका. मुलीही घर बघायला येतात हल्ली, बरंच आहे. वडिलांनी पोह्यांचा पहिला घास घेतला, घाम पुसला आणि म्हणाले, "मुलगा पसंत आहे, ताई. पण लांबच आहे हो तुमचं."

मी डोळे मिटले. कारण मला माहीत होतं. दाराबाहेरून जिन्यातून आवाज आलाच, "लांब म्हणजे कुठून?"

प्रज्ञाला हसू फुटलं. पोह्याची बशी हलली. "कोण आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत आमचे वरचे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

भाऊ आत आले. शब्दाला जागले होते, छत्री नव्हती. नमस्कार-चमत्कार झाले. प्रज्ञाचे वडील म्हणाले, घाटकोपरहून. भाऊ दादरवाल्यांना ऐकवायचे तेच त्यांनी घाटकोपरवाल्यांना ऐकवलं. मग प्रज्ञाच म्हणाली, "काका, बघण्यासारखं काय आहे इथं?"

बस्स. माझं कोण ऐकतंय? पाच मिनिटांत छत्री आली आणि सगळी वरात निघाली. मीही गेले मागनं गुडघे धरत. जाताना भाऊ छत्रीनं जुने कौलारू बंगले दाखवत होते, "हा व्हरांडा बघा, याला म्हणतात बसणं," आणि आंब्याची झाडं, आणि लांबवर मलंगगडाचा डोंगर. नाल्याशी आलो तेव्हा प्रज्ञाच्या काकांनी रुमाल काढला. भाऊ म्हणाले, "आज वारा उलटा आहे."

मागच्या भिंतीशी ते थांबले आणि छत्री पार खाली नेली, गुडघ्याच्या उंचीवर. तिथं वीतभर बाई कोरलेली. आरशात बघतेय. "इथं वाकून कोण बघणार होतं?" भाऊ म्हणाले. "मालकानं बघितलं नसतं, राजानं बघितलं नसतं. तरी कारागिरानं तिच्या कानात डूल घातलेत."

प्रज्ञा वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिथल्याच दगडावर बसली, चपला काढून पाय लांब केले. घाटकोपरला एका खोलीत सहा जणं राहतात त्यांची. ती मिलिंदकडे बघून हळूच म्हणाली, "इथून कुणी उठवत नाही का?"

"नाही," मिलिंद म्हणाला. इतक्या वर्षांत त्यालाही हे कधी सुचलं नव्हतं. "बस की."

पुढच्या रविवारी दुपारी फोन आला. होकार. मी रडले, मग पेढे आणले आणि पहिला पुडा घेऊन वर गेले.

वीज गेलेली होती, दार उघडं होतं. पडदे धुतलेले. ओट्यावर पापलेट मसाला लावून ठेवलेलं. भाऊ खिडकीशी पाठमोरे, मोबाईल कानाला. कुणाचेच पाहुणे नव्हते त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये, तरी पँटला ती क्रीज. पायांत बूट. छत्री दाराशी.

"नाही गं बाळा, राग कसला?" ते म्हणत होते. "पोरांची परीक्षा म्हणजे झालंच. आणि लांब आहे ना गं. खरंच लांब आहे. दोन दोन गाड्या बदलायच्या, पोरं घेऊन. मला काय कळत नाही? तू नको वाईट वाटून घेऊ."

मी उंबऱ्यावरच उभी राहिले. 'लांब आहे' हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

फोन ठेवून ते वळले, माझ्या हातातला पुडा बघितला. "होकार?"

मी मान हलवली. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "ताई, मुलीच्या वडिलांना दर महिन्याला बोलवत जा. माणूस पोरगी इतक्या लांब देतोय. त्यांना फक्त कळवा, या म्हणावं. आणायला मी जाईन स्टेशनवर."

"बरं," मी म्हटलं.

भाऊ बूट काढायला खुर्चीत बसले. नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या, लवकर सुटेनात. मी समोर बसून राहिले. खाली माझ्या पोळ्या व्हायच्या होत्या, पण म्हटलं होतील नंतर. मग विचारलं, "भाऊ, पापलेट दोघांना पुरेल का?"