नाका आला, बाजू बदल

रंगनाथबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. त्याच्याबद्दल खरं लिहायचं, तर स्वतःबद्दलही लिहावं लागणार होतं. मागच्या पोळ्याला तो गेला. आता लिहितो.

वाळूजच्या कारखान्यात आमच्या लेथ शेजारीशेजारी. पहिल्या पाळीच्या बसमध्ये सगळे पेंगायचे, तेव्हा हा उभा राहून गरजायचा, "कारखाना कामगाराचा का मालकाचा? बोला!" कुणी डोळे उघडायचं नाही. मग मला ओढायचा. मी मालकाच्या बाजूनं बोलायचो, म्हणून माझं नाव 'शेठ'.

नगर नाका दिसला, की तो ओरडायचा, "नाका आला, बाजू बदल!" तिथून पुढं मी समाजवादी आणि तो भांडवलवाला. तीही बाजू माझ्याहून झकास मांडायचा. "माणसाला आपल्या मनानं काही उभं करायची मुभा नाय, तर तुमची समता काय चाटायची व्हय?"

ड्रायव्हर वैतागायचा. "एकदाचं ठरवा, ही गाडी कुणाची!"

"स्टेअरिंग तुझं, ब्रेक समद्यांचा!"

घरी भांडण झालं, तरी अर्ध्यात बायकोची बाजू घ्यायचा. वहिनी म्हणायच्या, "दोन्हीकडून तुमीच भांडा. मी शेजारी बसून येते."

मग कारखान्यात काम बंद आंदोलन झालं. रंगनाथनं कामगारांना भडकवलं, म्हणून त्याच्यावर चौकशी बसली. मला विचारलं, "कारखाना कामगारांचा, असं हे बसमध्ये रोज म्हणायचे?"

मी म्हणालो, "हो."

नाक्यापुढचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला सुपरवायझर व्हायचं होतं. झालो. रंगनाथला काढलं.

तो गावी, लासूर स्टेशनला गेला. मी निवृत्त झाल्यावर, एकदाची माफी मागायची म्हणून तिथं गेलो. बाजार समितीच्या फाटकाशी, चहावाल्याच्या बाकावर एकटाच बसला होता.

"या, शेठ!" त्यानं सरकून जागा दिली. "इथं लई कंटाळा येतो बघ. समदे एकाच बाजूचे. नाका येतच नाय."

चहा आला. मी घसा खाकरला, तोच हा सुरू झाला.

"साक्षीचं म्हणतोस ना? थांब, तुझी बाजू मी मांडतो. घरी पोरगी लग्नाची. खोटं तर तू बोलला नाहीस. आन् घाबरायचं बी माणसाला स्वातंत्र्य असतंच की, राव!"

माझी बाजू त्यानं इतकी बिनतोड मांडली, की मलाच पटायला लागली. मग ग्लास खाली ठेवून, माझ्याकडं बघत तो हळूच म्हणाला, "नाका आला, शेठ."

आता त्याच्या बाजूनं मी बोलायचं होतं. तो वाट बघत राहिला.

मी म्हणालो, "माझ्या गाडीची वेळ झाली."