सात नंबर उपाशी आहे

अंतिम सामन्याच्या दिवशी अकराशे सतरा लोकांनी आपापल्या फोनवर वाचलं की यजमान संघाची सात नंबरची खेळाडू सकाळपासून उपाशी आहे. त्यातल्या काहींचे डोळे पाणावले. पण असं काही घडलंच नाही असं तूर्तास धरून चालू, म्हणजे गोष्ट नीट सांगता येईल.

सामना महिला फुटबॉलचा होता. मैदानाच्या जिन्याखालच्या खोलीत, गुंडाळलेले झेंडे आणि तीन पायांच्या खुर्च्या यांच्यामध्ये, ओळवाला लॅपटॉप उघडून बसला होता. फोटोखालची ओळ लिहिणं हे त्याचं काम, म्हणून तो ओळवाला. गोलाच्या जाळीमागे फोटोवाली ताई. तिने फोटो काढून अंगठ्याने एक बटण दाबलं की आठ सेकंदांत तो ओळवाल्यापुढे. त्याने कडा कापायच्या, ओळ लिहायची आणि स्पर्धेच्या ऑनलाइन पानावर थेट सोडून द्यायचा. सगळं मिळून पंचेचाळीस सेकंद, साहेबांचा नियमच होता तसा. ओळवाल्याची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. सामना सुरळीत गेला तर नोकरी पक्की, नाही तर नारळ. आईने मात्र नोकरी पक्की झाल्याचं शेजारी महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं.

पंचेचाळीस सेकंदांत कुणाचं पूर्ण नाव लिहून होत नाही. म्हणून त्याने लॅपटॉपला आकडे शिकवले होते. नुसता आकडा टाकायचा, पाठवताना तिथे ती खेळाडू मैदानात कुठे खेळते ते आपोआप उमटतं. सोय इतकी उत्तम होती की ती त्याने आईलाही लावली. आई सामना चालू असतानाच मेसेज करून विचारायची आणि तिचे प्रश्न ठरलेले असायचे. त्यामुळे एक म्हणजे 'हो, जेवलो', पाच म्हणजे 'नंतर फोन करतो', सात म्हणजे 'सकाळपासून पोटात काही नाही, पण ठीक आहे' आणि अकरा म्हणजे 'साहेब मनाने चांगले आहेत, फक्त ओरडतात'.

त्या सकाळी त्याने स्पर्धेच्या सचिवांकडच्या कागदावरून खेळाडूंच्या जागांची यादी भरली तेव्हा लॅपटॉपने अदबीने विचारलं, 'यातले काही आकडे आधीच वापरात आहेत. दोन्ही याद्या एकत्र करू का?' ओळवाल्याने 'हो' दाबलं. असले प्रश्न शेवटपर्यंत वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. लॅपटॉपने न्यायबुद्धीने वाटणी केली. काही आकडे खेळाडूंना दिले, काही आईकडे ठेवले.

बाराव्या मिनिटाला सात नंबरने दोघींना चकवलं. ओळवाल्याने फोटो सोडला. पानावर उमटलं : 'दोघींना चकवून मुसंडी मारताना सकाळपासून पोटात काही नाही, पण ठीक आहे.'

सोडलेल्या फोटोकडे वळून बघायला त्याला वेळ नव्हता. तेवढ्यात आईने विचारलं, 'जेवलास का?' खरं तर तो जेवला नव्हता, पण आईला उगाच घोर नको म्हणून त्याने एक दाबलं. आईला उत्तर गेलं : 'यजमान संघाची गोलरक्षक.' आईने विचारलं, 'कोण ही?' त्याने न बघताच पाच दाबलं.

विसाव्या मिनिटाला ताईचा फोन आला. "ओळवाल्या, पहिल्या रांगेतल्या बायका सातला विचारतायत, काही खाल्लंस का गं?"

"प्रोत्साहन असेल."

"एकीने केळं फेकलंय. रेफरीने पिवळं कार्ड काढलंय."

"केळ्याला?"

"बाईला. तिनं ते पण फेकून मारायचा प्रयत्न केला."

मध्यंतरापर्यंत सातच्या नावावर चार फोटो, सहा केळी आणि एक डबा जमा झाला. ती स्वतः घरून भरपेट जेवून आली होती. पण एवढ्या लोकांचं मन कसं मोडायचं, म्हणून तिने केळी खाल्ली.

उत्तरार्धात अकरा नंबरने कॉर्नर घेतला, आणि दीड मिनिटात साहेब जिन्याखाली हजर.

"मी ओरडतो?" साहेब ओरडले.

ओळवाल्याने पान उघडलं. 'कॉर्नर घेताना साहेब मनाने चांगले आहेत, फक्त ओरडतात.' त्याने पान वर सरकवून सगळ्या ओळी वाचल्या.

"साहेब, काढून टाकतो सगळे."

"काढायला सचिवांची परवानगी लागते. आणि सचिव वर मैदानात केळी गोळा करतायत!"

तेवढ्यात वर मैदान दणाणलं. सात नंबरने गोल मारला होता. आठ सेकंदांत फोटो आला. हवेत आडवी झालेली सात, जाळीत चेंडू, मागे गोलरक्षकाचं उघडं तोंड. ताईने तीन महिन्यांत असा फोटो काढला नव्हता.

"आकडा टाकू नकोस!" साहेब म्हणाले. "नाव लिही हाताने."

"लिहितो. काय नाव तिचं?"

साहेबांनी छताकडे बघितलं. "सात."

ओळवाल्याने ताईला फोन लावला. "ताई, सातचं नाव काय गं?"

"मला काय माहीत? पाठीवर सातच लिहिलंय. कागद सचिवांकडे असेल."

साहेबांनी सचिवांना फोन लावला. "सात नंबरचं नाव सांगा पटकन."

"ती उपाशी आहे, ती ना?" सचिव हळहळले. "नाव कशाला? सगळे ओळखतात तिला."

चाळीस सेकंद झाले होते. ओळवाल्याचा फोन वाजला.

"आई, आत्ता नको."

"फक्त एवढं सांग, गोलरक्षक की डाव्या बाजूची बचावपटू? दोघी नाही चालायच्या मला."

चव्वेचाळीस. ओळवाल्याने डोळे मिटले आणि सात दाबलं.

'निर्णायक गोल मारताना सकाळपासून पोटात काही नाही, पण ठीक आहे.'

तो फोटो अकराशे सतरा लोकांनी पाहिला आणि जवळजवळ तितक्यांनी पुढे पाठवला. या पानाला याआधी सर्वाधिक एकोणतीस लोक आले होते, आणि त्यातले चार साहेबांच्या घरचे. संध्याकाळी सचिवांनी कळवलं की पुढच्या हंगामाचं कामही तुम्हालाच, मात्र ओळी याच माणसाच्या हव्यात. साहेबांनी ओळवाल्याची नोकरी पक्की केली. ती त्यांनी ओरडूनच पक्की केली, पण मनाने चांगली केली.

दुसऱ्या दिवशी पराभूत संघाच्या कर्णधाराचा अर्ज आला, तीन प्रतींत :

'विषय : अंतिम सामन्याच्या निकालाबाबत. महोदय, प्रतिस्पर्धी संघाची खेळाडू क्रमांक सात उपाशी असल्याचे वेळोवेळी प्रसिद्ध करण्यात आल्याने आमच्या बचाव फळीला तिला अडवणे जिवावर आले. आमच्या गोलरक्षकाने तर शेवटच्या चेंडूला दयेपोटी वाट दिली. तरी दोन्ही संघांना सारखेच जेवण देऊन, किंवा सारखेच उपाशी ठेवून, सामना नव्याने खेळवण्यात यावा, आणि त्या वेळी आमच्या सात नंबरच्या आजारपणाबद्दलही अधूनमधून दोन ओळी प्रसिद्ध करण्यात याव्यात, ही नम्र विनंती.'