चमरीकाकूंचं उद्यापन आणि बडबडी कोल्हीण

एका जंगलात, बाळांनो, झाडं थोडी आणि बर्फच फार होता. इतक्या उंचावरचं जंगल! तिथे चमरीकाकू राहायच्या. चमरी म्हणजे केसाळ पहाडी गाय. याक म्हणतात ना, तीच.

काकूंची लेक धवली मागे फार आजारी पडली होती. काकूंनी देवीचं व्रत धरलं. धवली बरी झाली. आता तेवढं उद्यापन राहिलं होतं. पण देऊळ होतं मोठ्या उताराच्या पलीकडे, आणि तो उतार कधीकधी अंगावरचा सगळा बर्फ एकदम खाली सोडून द्यायचा.

त्या दिवशी देवळाला यात्रा निघाली, त्यात काकू आणि धवलीही होत्या. यात्रेचे पुढारी होते हिमबिबटे भाऊसाहेब. व्रतापुरतं त्यांनी मांस सोडलं होतं. म्हणून तर शेळ्यासुद्धा निघाल्या होत्या.

भाऊसाहेब म्हणाले, "मागे कावळा ओरडला आणि कडा कोसळला. बर्फाला आवाज सहन होत नाही. उतारावर सगळ्यांनी मौन पाळायचं!"

खरं तर कडा कोसळताना दिसला म्हणून कावळा ओरडला होता. पण कावळ्याला विचारतो कोण?

"आणि एकमेकांना चिकटून चालायचं. कोण बोलतंय ते लगेच कळेल."

"चिकटून?" एका शेळीने विचारलं.

"मी मांस सोडलंय, ताई."

"कधीपर्यंत?"

"देवळापर्यंत तरी नक्की."

तेवढ्यात चिंगी कोल्हीण पुढे आली. ती झोपेतसुद्धा बोलायची. "अहो, आवाजाचं राहू द्या! वाऱ्याने सगळा नवा बर्फ याच अंगाला आणून रचलाय. मी उंदरांसाठी रोज बर्फाला कान लावते. वरचा थर घट्ट आहे, पण खाली सगळी साखर आहे, साखर! काकू, ताटात साखर पसरली, वर वडी थापली आणि ताट तिरकं धरलं, तर वडी राहील का हो?"

काकूंना वडी लगेच कळली. "मग गं?"

"डोंगराच्या धारेवरून जाऊ, माथ्यामाथ्याने. उतार टाळून."

"तिकडून दुपार होईल. मुहूर्त चुकेल," भाऊसाहेब म्हणाले. "देवी आहे ना पाठीशी!"

"धारेवरही असेलच की ती."

"चिंगे, तू मागून ये. लांबून. आणि तोंड मिटून!"

काकूंनी एकदा धारेकडे बघितलं, एकदा नैवेद्याच्या शिऱ्याच्या डब्याकडे. शिरा गरम होता. काकू सगळ्यांबरोबर निघाल्या.

काय ते मौन, बाळांनो! शेळी शिंकली नाही. भाऊसाहेब खाकरले नाहीत. धवली मधोमध चालत होती.

इतक्यात पायांखाली 'घुम्म' झालं. रिकाम्या कोठीवर कोणी बसावं तसं.

"काकू, मागे फिरा! धवलीला घेऊन मागे फिरा!" चिंगी ओरडली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे रागाने पाहिलं. ओठांवर खूर ठेवले. मग आणखी घट्ट चिकटून पुढचं पाऊल टाकलं.

आणि वडी सुटली.

बर्फ थांबला तेव्हा सगळे कडेच्या झुडपांत अडकले होते. धवली मात्र दिसेना.

आणि आता मौन सुटलं! "चिंगीच बोलली!" "मी आधीच म्हटलं होतं, हिला आणू नका!" "प्रायश्चित्त द्या हिला!"

चिंगी धावत आली. "गप्प बसा! मला बर्फाखालचं ऐकू द्या!"

"ही आम्हाला गप्प बसवणार?" भाऊसाहेब गरजले.

मग काकू ओरडल्या. जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या. "भाऊसाहेब, माझी लेक आत आहे. एकही शब्द नको!"

शांतता झाली. चिंगीने बर्फाला कान लावला. चार पावलं सरकली, पुन्हा लावला. मग ती उकरायला लागली. काकू शिंगांनी उकरू लागल्या. आधी एक कान दिसला, मग नाक, मग नाकातून निघालेली वाफ.

"आई," धवली म्हणाली, "शिरा सांडला का गं?"

काकू रडल्या आणि हसल्याही. त्यांनी तिथूनच देवळाच्या दिशेने हात जोडले. देवीला नैवेद्य दाखवला, आणि उरलासुरला गार शिरा पहिल्यांदा चिंगीच्या पुढ्यात ठेवला. उद्यापन झालं.

त्याच संध्याकाळी सभा भरली. पुढच्या यात्रेला चिंगीला न्यायचं नाही, असं एकमताने ठरलं. काकू सभेला नव्हत्या. त्या आणि धवली धारेवरून घरी चालल्या होत्या, आणि पुढे चिंगी अखंड बोलत होती.

तात्पर्य : बर्फ कोसळण्याआधी जो बोलतो त्याला गप्प बसवावे, आणि कोसळल्यावर तो गप्प बसा म्हणाला की आपण बोलावे. म्हणजे चूक नेहमी त्याचीच ठरते आणि आपले व्रत अभंग राहते. ज्यांना नुसते व्रत नको, लेकही हवी आहे, त्यांनी धारेवरून जावे. देवी दुपारीही घरीच असते.