फेट्यातली वायर आणि आत्याबाईंचा फोन

"तू फक्त बघत राहा! असा उखाणा घेईन की तुझ्या शाळेतल्या बायका तोंडात बोटं घालतील!" असं अमृतनं उत्कर्षाला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. छाती त्याची होती, पण ठोकत होता सयाजीच्या जिवावर!

त्याचं असं झालं. उत्कर्षा शाळेत मराठी शिकवायची. साखरपुडा झाल्यापासून अमृत तिला रोज एक चारोळी पाठवायचा आणि ती त्या चारोळ्यांवर पार भाळली होती. चारोळ्या लिहायचा सयाजी! चिंचोळी एमआयडीसीत अमृतच्या शेजारच्या मशीनवर उभा राहून हा गडी चहा यायच्या आत चार ओळी पाडायचा. अमृतला मात्र कविता म्हटलं की शाळेतल्या छड्या आठवायच्या. पाठांतर म्हणाल, तर स्वतःच्या गाडीचा नंबरही तो खाली वाकून सांगायचा!

आणि उत्कर्षाची अट अशी की पंगतीत, सगळ्यांदेखत, नवा कोरा उखाणा हवा. "जुनापाना घेतलात तर घास मिळणार नाही हं!"

पण सयाजीकडं तोड होती. "फेटा कशासाठी असतो रं? कानात इयरफोन, वरनं फेटा, वायर शेरवानीतनं खिशात! मी मांडवामागनं फोनवर सांगतो, तू म्हणायचं. फकस्त डोकं वापरायचं न्हाय! कानात पडलं की तोंडातनं बाहेर!"

डोकं न वापरणं अमृतला सहज जमण्यासारखं होतं. तालीम झाली. झकास झाली!

लग्नाच्या दिवशी शुक्रवार पेठेतल्या कार्यालयात फेटेवाल्यानं फेटा असा आवळला की अमृतच्या भुवया कपाळावर चढल्या. अक्षता पडल्या, पंगतीची पानं मांडली गेली, आणि आतल्या खोलीत सयाजी वायरचं टोक फोनला लावायला बसला. त्यानं फोन वरनं बघितला. खालनं बघितला. उलटा करून झटकलाही!

"अमृत, भोक कुटं हाय?"

"असंल की तितंच!"

"हे चार्जिंगचं हाय. वायरचं न्हाय!"

लग्नात फोटो झ्याक यावेत म्हणून अमृतनं त्याच आठवड्यात जुना फोन देऊन नवा आणला होता. कॅमेरे तीन, भोक एक! सयाजीचा फोनही तसलाच. दुकानदारानं दिलेली बिनवायरची बोंडं होती, ती फेट्याखाली कोंबून पाहिली. पण फेट्याचा दाब पडला की बोंडाला वाटायचं कुणी बोट लावलं, आणि फोन कट! झक मारत पुन्हा वायर कानात घातली. बाहेर हाकाटी सुरू झाली, "नवरदेव! पानं वाढली!"

तेवढ्यात सयाजीला मथुराबाई दिसल्या. उत्कर्षाच्या आत्या, अक्कलकोटकडच्या. गळ्यात विणलेली पिशवी, पिशवीत बटणांचा फोन, आणि त्या फोनला चांगलं गोल, ठसठशीत भोक!

"आत्या, द्या की, चार्जिंगला लावतो."

"लाव बाबा. लई गुणाचं पोरगं!"

सयाजीनं त्यावरनं स्वतःला मिसकॉल देऊन नंबर घेतला, रिंग बंद केली, वायर खुपसली, आलेला फोन आपोआप उचलला जाईल अशी व्यवस्था केली, फोन अमृतच्या खिशात सारला आणि मांडवामागं धूम ठोकली. आत्यांना दुसऱ्या कुणाचाही फोन येऊ शकतो, हे काही त्या कविराजांना सुचलं नाही.

पंगत बसली. उत्कर्षाच्या हातात जिलेबी. शाळेतल्या बायका माना उंचावून बसलेल्या. सासरे मानसिंगराव मिशीला पीळ देत समोर.

"घ्या नाव!"

कानात खरखर झाली. अमृतनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

"म्हशीनं दावं तोडलं!"

"सुरुवात वेगळी आहे," मुख्याध्यापिका प्रभाताई कौतुकानं म्हणाल्या.

"कुंपण मोडून उसात शिरली!"

"नवकविता दिसतेय!"

"सकाळधरनं हाका मारायलोय, ऐकंना झालीय!"

उत्कर्षाचा जिलेबीचा हात हळूहळू खाली यायला लागला.

"आत्ताच्या आत्ता घरला ये! लग्न ऱ्हाऊ दे तुजं!"

वाढपी वरणाचा डाव हवेत धरून थबकला. मानसिंगराव ताडकन उठले. ते काही बोलणार, एवढ्यात मथुराबाईंनी हंबरडा फोडला, "अगं बया! ही तर माजी चंद्री! उसात शिरणारी म्हस गावात येकच हाय! जावयबापूंना हितं बसून कसं दिसायलंय?"

दोघीतिघींनी डोक्यावर पदर घेतले. मथुराबाई अमृतपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. "देवा, कुणाच्या उसात हाय ती?"

आत्यांचा आवाज वायरीवरच्या माइकमधनं पलीकडं पोचला, आणि "बिरुदेवाच्या!" असं अमृतच्या तोंडातनं निघालं.

"जागृत हाय!" मागनं कुणीतरी ओरडलं. "आमच्या पोराची नोकरी विचारा की!"

अमृतला थांबायचं होतं हो, पण कान थांबेना आणि तोंडाला आता सवय लागलेली! जावयाला मारावं की त्याच्या पाया पडावं, हे न कळून मानसिंगराव अर्धवट वाकून उभे.

आणि मांडवामागनं सयाजी धापा टाकत आला. "अमृत! आत्यांचा फोन एंगेज लागायलाय रं! उखाणा सांगू कसा तुला?"

उत्कर्षानं शांतपणे फेटा वर सरकवला, वायर धरली आणि ओढली. वायरीमागोमाग आत्यांचा फोन बाहेर आला आणि वायर निसटली. त्यात म्हशीपायी गावीच राहिलेले आत्यांचे यजमान श्रीमंतराव अजून कोकलत होते. मथुराबाईंनी फोन हिसकावला. "आले, आले! पेंड दाखवा तिला!"

"आणि चारोळ्या?" उत्कर्षानं विचारलं.

अमृतनं सयाजीकडं बघितलं. सयाजीनं जिलेबीकडं.

"सगळ्या?"

"खालचं 'गुड नाइट' तेवढं माजं."

आता ही पानावरनं उठणार, अशी अमृतला धास्ती पडली. फार आवडायची ती त्याला. इतकी, की त्यापायी बिचारा कवी झाला होता.

"आता तुमचं तुम्ही घ्या," उत्कर्षा म्हणाली.

अमृत उठला. फेटा सुटून खांद्यावर आलेला, कपाळावर घाम.

"फेट्यात माझ्या वायर, खिशात आत्यांचा फोन..."

सगळी पंगत पुढं झुकली.

"उत्कर्षाचं नाव घेतो... मला कविता येत न्हाय!"

आधी उत्कर्षाच खळखळून हसली, मग सगळी पंगत. तिनं अख्खी जिलेबी त्याच्या तोंडात कोंबली.

"हा मात्र तुमचा स्वतःचा हं!"

"कशावरनं?" अमृतनं भरल्या तोंडानं विचारलं.

"यमक जुळलं नाही की!"